एक भिंत भाडेकरूची

रंगाऱ्यासमोर लोक काहीही बोलतात. त्यांच्या लेखी आम्ही म्हणजे शिडीचाच एक पाय. मी बाई आहे, तरी त्यात फरक पडत नाही. स्वभाव माझा तिखट, पण कामावर मी तोंडाला कुलूप लावते.

माझा थोरला भाऊ घड्याळजी. लहानपणीच्या अपघातापासून चाकाच्या खुर्चीत, पण हात असे की भलेभले त्याच्याकडे घड्याळं पाठवतात. राहायचा दुसऱ्या मजल्यावर आणि तिथली लिफ्ट आठवड्यातून तीन दिवस रुसलेली. लिफ्ट बंद, की दादा घरात अडकला आणि दुकान बंद. गिऱ्हाइकं तुटायला लागली होती.

अशात दुकानासमोरच्याच इमारतीत तळमजल्याच्या दोन खोल्या रिकाम्या झाल्या. दादा चौकशीला गेला. तिथल्या मॅनेजरच्या तोंडात कायम साखर. त्याने पाणी दिलं, तब्येत विचारली आणि जागा कालच गेल्याचं सांगितलं.

दादाने मला फोन केला तेव्हा मी त्याच खोल्यांत रोलर घेऊन उभी होते.

या इमारतीची एक पद्धत आहे. तीन भिंती मालकाच्या पसंतीच्या, चौथी भाडेकरूच्या. तो रंग सांगेपर्यंत चौथीवर नुसता प्रायमर. आणि त्याच सकाळी मॅनेजरने मला मेसेज केला होता, "भाडेकरू ठरला नाही, चौथी भिंत थांबवा." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. रंगारीण या घड्याळजीची बहीण निघेल, हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. रोलरसकट जाऊन त्याचं तोंडच रंगवावं असं वाटलं. दादाने मला शांतपणे आवरलं. त्याने कायदा वाचून ठेवला होता. अपंग आहे म्हणून घर नाकारता येत नाही, आणि रिकामी जागा गेली म्हणून सांगणं हाही नकारच. दाराशी उतार बांधून घ्यायचाही भाडेकरूला हक्क आहे. तो म्हणाला, भांडण आपण कागदावर करू.

शेजारच्या बुकबाइंडरला त्याने त्याच दुपारी त्याच जागेची चौकशी करायला लावली. कमाई दोघांची सारखी, फक्त बाइंडरचे पाय धडधाकट. त्याला मॅनेजरने पाच वाजता जागा बघायला बोलावलं. दादाने तारीख, वेळ, शब्द, सगळं लिहून घेतलं, मला आलेला मेसेज जोडला आणि अपंगांच्या तक्रारी ऐकणाऱ्या सरकारी कार्यालयात दिलं. माझं काम जाईल याची त्याला काळजी होती. मी म्हटलं, भिंती जगात पुष्कळ आहेत.

सुनावणीला मॅनेजर ठामपणे म्हणाला की जागा आधीच ठरली होती. अधिकारी बाईंनी मेसेज वाचला आणि विचारलं, "मग त्या भाडेकरूने भिंतीला रंग कोणता सांगितला?"

मॅनेजरने माझ्याकडे पाहिलं. मी त्याला काडीची मदत केली नाही. शेवटी तो पुटपुटला की दाराशी उतार आला तर इमारत दवाखान्यासारखी दिसेल. शेजारी बसलेले मालक शरमले. त्यांनी खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "तुमच्यासाठी आम्ही अपवाद करतो."

माझा जीव भांड्यात पडला. दादाने मात्र किल्लीला हात लावला नाही.

"अपवाद नको," तो म्हणाला. "नियम लिहून द्या. जो विचारायला येईल त्याला रिकामी जागा दाखवायची, मग माणूस कसाही असो. आणि तो कागद फाटकावर लावा."

मला त्याचा भयंकर राग आला. घर हातातोंडाशी आलं होतं आणि हा अटी घालत होता. मी त्याच्या कानाशी लागून म्हटलं, "दादा, घे ना ती किल्ली. तुला घर मिळालं, आता आणखी काय हवंय?"

त्याने आवाज अजिबात खाली केला नाही.

"माझ्यानंतर जो येईल," तो म्हणाला, "त्याची बहीण रंगारी नसेल."

मालकांनी कागद मागितला.