ताकाओची फणी

घरातल्या देवांपुढे कधी हात न जोडणारा नंदन टोकियोतल्या एका अरुंद रस्त्यावरच्या देवळासमोर मात्र बराच वेळ उभा राहिला. देऊळ कसलं, इमारतींच्या मध्ये दाटीवाटीनं बसवलेलं छोटंसं स्थान. कॅनडातल्या केंब्रिजच्या मोटार कारखान्यानं त्याला ट्रेनिंगसाठी जपानला पाठवलं होतं. शुभदाच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, केमोचं ऐकून तिथल्या मोरितासाननं त्याला हा पत्ता दिला होता. डोक्याचं दुखणं असलेले, केस गेलेले लोक इथं येतात, फणी नेतात. नंदननं फणी खिशात घातली आणि कुणी बघत नाही ना, हे पाहून घाईघाईनं वाकला.

किचनरला घरी परतल्यावर त्यानं ती शुभदाच्या हातात ठेवली. डोक्याचा रुमाल सावरत ती खळखळून हसली. "अहो, टकलीला फणी?"

"असू दे. देवळातली आहे."

"तुम्ही आणि देवळात? कुठला देव?"

नंदन जरा घुटमळला. "देव नाही. ताकाओ नावाची कलावंतीण होती. साडेतीनशे वर्षांपूर्वीची. एका बड्या सरदारानं तिला पैसे मोजून सोडवून आणली, पण ती त्याची होईना. दुसऱ्या कुणाला तरी शब्द दिला होता म्हणे."

"मग?"

"मग काय. त्यानं तिला नावेतच मारलं आणि नदीत टाकलं. लोकांनी प्रेत बाहेर काढलं, देऊळ बांधलं. अशी दंतकथा आहे."

शुभदा फणीच्या दातांवरून बोट फिरवत राहिली. "आणि आता लोक तिच्याकडे केस मागतात," ती म्हणाली. "तिला काय हवं होतं, ते कुणी विचारलं नाही."

जानेवारीत डॉक्टरांनी स्कॅन दाखवला. स्तनातला आजार हाडांत उतरला होता. नवं औषध होतं, जास्त कडक. अप्लाय केलं तर लगेच मिळालं असतं. नंदन फॉर्म मागणार, तेवढ्यात शुभदा म्हणाली, "नो, थँक यू, डॉक्टर." जास्तीचा चहा नको म्हणावा तशी.

गाडीत बसल्यावर नंदनचा आवाज चढला. "डोकं फिरलंय का तुझं?"

"तुम्हीच ती गोष्ट सांगितलीत. बाकीचं राहू द्या, पण तिनं नाही म्हटलं, एवढंच माझ्या मनात राहिलं. नाही म्हणता येतं माणसाला."

"तिला मारलं, शुभा!"

"मलाही हा आजार सोडणार नाहीच आहे. पण तोवर मला जेवणाची चव हवीय."

घरी येऊन नंदननं बर्फानं भरलेला ड्राइव्हवे शोव्हल केला. आपला झाल्यावर शेजाऱ्याचाही केला, आणि तरी हात थांबेनात. दोन दिवस तो तिच्याशी धड बोलला नाही. तिसऱ्या दिवशी तिनं पिठलं केलं आणि दोनदा वाढून घेतलं. ती जेवत असताना तो नुसता बघत राहिला.

केमो थांबल्यावर केस आले. आधी पिसासारखे, मग पांढरे, मऊ, बोटभर. सकाळी ती खिडकीपाशी खुर्ची ओढून बसायची आणि नंदन फणी फिरवायचा. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिच्या मानेवर तीळ आहे हे त्याला तेव्हा कळलं. पाडव्याच्या कार्यक्रमाला वॉटर्लूच्या हॉलमध्ये जयंतीवहिनींनी तिला मिठी मारली. "काय सुरेख दिसतेयस! बरी झालीस की गं!" शुभदा हसून "हो" म्हणाली. नंदन वॉशरूममध्ये गेला आणि नळ सोडून रडला.

जूनमध्ये ती गेली, घरीच. शेवटचे आठ दिवस दुखणं फार होतं. गुंगीच्या औषधानं ती बहुतेक झोपूनच असे.

मुलगी, ऊर्मी, व्हँकुव्हरहून आली होती. सगळं आटोपल्यावर, माणसं गेल्यावर, तिनं विचारलं, "यू जस्ट लेट हर, बाबा? तुम्ही फाइट का नाही केलीत?"

ते देऊळ, ती नाव, ती बाई, सगळं नंदनच्या ओठांवर आलं. ज्या बाईच्या देवळातून त्यानं शुभासाठी आयुष्य मागून आणलं होतं, तिच्याकडूनच शुभानं जायचं धैर्य घेतलं, हे त्याला अजून स्वतःलाच झेपत नव्हतं.

"तिनं मला विचारलं नाही, ऊर्मी," एवढंच तो म्हणाला. "सांगितलं."

ऊर्मी गाडीची किल्ली घेऊन बाहेर गेली. गाडी मात्र हलली नाही. थोड्या वेळानं नंदन चपला सरकवून निघाला आणि ड्राइव्हवेवर तिच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसला. ऊर्मी स्टिअरिंगवर डोकं टेकून हुंदके देत होती. तिच्या पाठीवर हात ठेवायला त्यानं हात उचलला, आणि त्याचाच बांध फुटला.