पहिलं नाव मावशीचं

वही तुमची, लाल पेन तुमचं, शिकवणी तुमची; आणि वर तोंड करून सांगता काय, तर बाईंनी भावनेच्या भरात निर्णय घेतला! जनाची नाही, निदान मनाची तरी? तुमच्या विमा कंपनीच्या शाखेतल्या त्या काचेच्या केबिनमध्ये हे वाक्य फेकलं गेलं, तेव्हा समोरच्या खुर्चीत कोण बसलं होतं हे तुम्हा वरच्या मजल्यावरच्यांना ठाऊक नसणार. म्हणून मुळापासून ऐका.

मावशी बसली होती. मावशी कवळ्या करते. दातांच्या डॉक्टरांकडून माप येतं, त्यावरून ती प्लास्टरचा साचा ओतते, मेणाच्या हिरडीत एकेक दात रोवते, मग मेणाच्या जागी पक्की गुलाबी हिरडी येते आणि शेवटी फिरत्या चाकावर कवळीला चकाकी चढते. सव्वीस वर्षं हेच. तोंडाला फडकं बांधलं तरी भुवयांवर पांढरी पूड बसायची ती बसतेच. रस्त्यात एखादा म्हातारा खळखळून हसला, की मावशी थबकते, आधी त्याचे दात बघते आणि मनाशी म्हणते, ‘हा माझा.’ नाहीतर नाक मुरडून, ‘ह्याची वरची पट्टी हलतेय. आपली नव्हे.’

लॅब म्हणजे दोन खोल्या, तीन टेबलं आणि कुरकुरणारं एक चाक. मालकांचे हात थरथरायला लागले तसे ते एक दिवस म्हणाले, “बाई, हे सगळं तुम्हीच घ्या. भाव घरचा लावतो. मला मुलीकडे राहायला जायचंय, दीड महिन्यात उरकून टाकू. नाहीतर शेजारचा मोबाइलवाला टपूनच बसलाय.”

मावशीच्या साठवणीत ते बसत होतं. अगदी काठोकाठ, पण बसत होतं. त्या दिवशी तिने चाक दोनदा पुसलं. उगाच.

आणि आठवडाभरात ढब्बू आली.

ढब्बू म्हणजे मावशीच्या बहिणीची मुलगी. अंगाने काडी, पण जन्मली तेव्हा गुटगुटीत होती, ते नाव चिकटलं ते चिकटलंच. सात वर्षांची असताना शाळेत फोटो निघायचा होता आणि नेमका आदल्या दिवशी तिचा पुढचा दात पडला. पोरगी ओठ मिटून बसली, बोलेना की जेवेना. मावशीने तिला लॅबमध्ये नेलं आणि मेणाचा एक दात करून फटीत बसवला. फोटोत ढब्बू कानापर्यंत हसलीय. तो फोटो आजही मावशीच्या टेबलासमोर चिकटवलेला आहे, डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांच्या मधोमध.

तीच ढब्बू त्या दिवशी दारात उभी राहून मुसमुसत होती. तुमच्याकडे नवीन लागली होती ती, योजना विकायला.

“मावशी, शनिवारपर्यंत एक मोठी पॉलिसी झाली नाही तर मला नारळ देणारेत.”

“आधी नाक पूस. माझं मेण खराब करशील.”

“तुला मस्करी सुचतेय!”

“मग काय तुझ्याबरोबर रडू? चिकटपट्टी सुटेल मिशीची.” मावशीला मिशी नव्हती, पण ढब्बूला हसवायचा हा तिचा जुना उपाय होता आणि तो अजून चालत होता. “बोल, कुठे सही करू?”

“किती, कशासाठी, काही विचारशील की नाही?”

“तू विचारलंयस ना सगळं? झालं तर मग.”

साठवणीतले सगळे पैसे, त्यावर पाच वर्षांचं कुलूप. मावशीने सही केली. लॅबबद्दल चकार शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी मालकांना म्हणाली, “माझं काही जमत नाही, तुम्ही मोबाइलवाल्याशी बोला,” आणि चाकापाशी बसून असं काम केलं की दुपारपर्यंत चार कवळ्या झाल्या. मालक नुसते बघत राहिले. मोबाइलवाल्याकडे मात्र गेले नाहीत.

एकोणतिसाव्या दिवशी, भर दुपारी, ढब्बू लॅबमध्ये घुसली ती तणतणत.

“मालकांनी सांगितलं मला सगळं! लॅबचे पैसे माझ्या मढ्यावर घातलेस?”

“तोंड सांभाळ. आणि त्या साच्याला धक्का लावू नकोस, ओला आहे.”

“बारीक अक्षरात एक कलम आहे. तीस दिवसांच्या आत पैसे परत मागता येतात. आजचा आणि उद्याचा दिवस आहे. ऊठ.”

“आणि तुझी नोकरी?”

“जाईल.”

“मग मी उठत नाही.” मावशीने मेणाची सुरी हातात घेतली. “लॅब काय, आज आहे, उद्या नाही. तू माझी एकुलती एक भाची आहेस.”

“मावशी, नोकरी तशीही जाणारच आहे गं! माझी माणसं संपली.”

“माणसं संपली म्हणजे?”

ढब्बूने पिशवीतून वही काढली. तुमची वही. पहिल्याच दिवशी दिलेली. ‘तुमच्यावर माया करणाऱ्या शंभर जणांची नावं लिहा.’ ढब्बूची एकतीसवर संपली होती, त्यातही एक भाजीवाली.

मावशीने चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. पहिलं नाव वाचलं आणि तिचा चेहरा असा फुलला की ढब्बूने कपाळाला हात लावला.

“अगं, पहिलं माझं! तुझ्या आईच्याही आधी! तिला दाखवलंस?”

“मावशी, बक्षीस नाहीये ते!”

“असू दे. माया किती, दहापैकी दहा! आईला नऊ? का गं, एक कशाचा कापलास?”

“तू पुढचा रकाना वाच.”

पुढचा रकाना ढब्बूचा नव्हता. वह्या गोळा करून तुमच्या माणसाने तो लाल पेनाने भरला होता. एकेका नावापुढे. मावशीच्या नावापुढे लिहिलं होतं: ‘आधी हिला गाठ. रड. ही नाही म्हणणार नाही.’

मावशीने ते दोनदा वाचलं. मग सुरी खाली ठेवली, अॅप्रन काढून खिळ्याला अडकवला, भुवया पुसल्या.

“तू खरंच रडली होतीस की हे वाचून?”

ढब्बूची मान खाली गेली. “खरंच रडले. पण वाचलं होतं, तेही खरंच.”

मावशीने तिच्या डोक्यावर एक टपली मारली आणि तोच हात तिथे ठेवून दिला. “चल. वही घे बरोबर.”

शाखेचा साहेब तिशीचा, नीटनेटका, गळ्यात टाय. कलम तुम्हीच छापलेलं, त्यामुळे त्याला अर्ज घ्यावाच लागला. शिक्का मारता मारता त्याने पढवलेलं वाक्य म्हटलं, “बाई, तुम्ही भावनेच्या भरात निर्णय घेतलात. पैशात भावना आणू नयेत.” मग ढब्बूकडे न बघता, “तुम्ही उद्यापासून येऊ नका.”

ढब्बू ताठ बसून राहिली. पोचपावती मावशीच्या हातात आली होती. लॅब वाचली होती. मावशीला आता उठता आलं असतं. पण ती साहेबाचं तोंड निरखत होती, सवयीने.

“दात छान सरळ आहेत तुमचे. लहानपणी तार लावली होती ना?”

“हो,” साहेब गोंधळला. “का?”

“महाग असते हो ती. कुणी पैसे घातले?”

“आईने.”

“विचार करून घातले असतील?”

मावशीने वही उघडून त्याच्यापुढे सरकवली आणि लाल अक्षरांवर बोट ठेवलं. बोटाच्या कडेला पांढरं प्लास्टर वाळलेलं होतं.

“तुम्हीही कधीतरी नवीन लागला असाल. अशीच वही तुम्हीही भरली असेल. पहिलं नाव तुमच्या आईचंच असणार. आम्हाला घाई नाही, साहेब, आम्ही बसलोय. तिच्या नावापुढे लाल पेनाने काय लिहिलं होतं, तेवढं सांगा.”