चादरीच्या गाण्यातल्या सहा मात्रा

सॅक्सवाल्याला घरी भोंगा म्हणत. म्हणजे ताई म्हणे आणि आई हसे. घरात तेवढीच माणसं उरली होती. इकडे परक्या शहरात मात्र त्याला हल्ली भारी मान होता हं! यानं आपल्या मातीतलं गाणं आणि आजचा जॅझ असा एकजीव केलाय की सांधा दिसत नाही, असं चक्क छापून आलं होतं. ते कात्रण त्यानं फ्रिजवर चिकटवलं होतं. फ्रिज उघडणारा घरात तो एकटाच, त्यामुळे वाचणाराही तोच.

दिवसभर तो वाद्यदुरुस्तीच्या दुकानात बसे. लोकांच्या सॅक्सोफोनची झिजलेली पॅडं काढायची, नवी चिकटवायची, हवा कुठून निसटतेय ते कान लावून बघायचं. संध्याकाळी एका लाँड्रीखालच्या तळघरात तालीम. तिथं सोबत दोघं: डबल बास वाजवणारा एक आडदांड, अबोल गृहस्थ, आणि त्याच्या वाटणीचंही बोलून टाकणारी एक ड्रमवाली. वर यंत्रं कपडे पिळायला लागली की छत थरथरे आणि ड्रमवाली खुशाल त्याच तालात घुसे. दोघंही मनानं सोन्यासारखी. पण तालीम संपली की त्यांना घरची ओढ असे, आणि हा बापडा सॅक्स पुसण्यात उगाच अर्धा तास घालवी.

त्याच्या सगळ्या कौतुकाच्या मुळाशी होतं चादरीचं गाणं. आई इस्पितळाच्या धुलाईखात्यात होती. दोन बायांनी चादरीची दोन टोकं धरायची, ताणायची, जवळ यायचं, घडी घालायची, मागं सरायचं, आणि या ये-जा करण्यावर गाणं म्हणायचं. लहानपणी शाळा सुटली की तोही तिथंच असे. सात वर्षांपूर्वी रजेवर घरी गेला तेव्हा आई घरात एकटीच चादरीची घडी घालताना तेच गुणगुणत होती, एक टोक हनुवटीखाली दाबून. यानं झटकन फोन काढून रेकॉर्ड केलं.

त्या रेकॉर्डिंगमध्ये एक गंमत होती. प्रत्येक ओळीनंतर आई थांबे. थोडं नाही, मोजून सहा मात्रा. मग पुढची ओळ. आता तुम्ही-आम्ही म्हणालो असतो, म्हातारं माणूस आहे, दम लागला असेल. पण हा पडला कलावंत! यानं ते रेकॉर्डिंग शंभरदा ऐकलं, मात्रा मोजल्या, दर ओळीनंतर तेवढ्याच भरल्या. झालं! या सहा मात्रांच्या शांततेवर त्यानं अख्खी रचना उभी केली. बासवाल्याच्या नाकी नऊ आले. चौथ्या मात्रेला त्याची बोटं आपोआप तारेवर जात. ड्रमवालीला तर गप्प बसणं ही शिक्षाच. तीन आठवडे यानं दोघांचं डोकं खाल्लं, तेव्हा कुठे जमलं. मग मुलाखतींत हा सांगायला लागला, "आमच्याकडे न गाण्यालाही लय असते." लोक माना डोलवत. आमच्याकडे म्हणजे नक्की कुणाकडे, हे कुणी विचारलं नाही, म्हणून बरं.

आता त्याचा अल्बम व्हायचा होता. सोमवारी सकाळी स्टुडिओ ठरलेला. पण त्यानं मनाशी गाठ मारली होती: आईनं ऐकून "हो, हेच ते" म्हटल्याशिवाय रेकॉर्ड करायचं नाही. इतकी वर्षं त्यानं तिला ते ऐकवलं नव्हतं. दुनियेच्या टाळ्या एकीकडे आणि आईची मान हलणं एकीकडे. ती नाही म्हणाली तर आपलं इथं कुणी नाही आणि तिथंही कुणी नाही, ही भीती त्याच्या पोटात कायमची बसली होती.

रविवारी दुपारी तळघरात व्हिडिओ कॉल लावून फोन खुर्चीवर टेकवून ठेवला. पलीकडे ताईनं आईला खिडकीजवळ बसवलं होतं.

"काय रे भोंग्या, वाळलास की!" ताई म्हणाली. "वाजव आता, आईला मग पडायचंय."

तिघांनी वाजवलं. आणि काय वाजवलं! सहा मात्रांच्या जागा आल्या तशा तिघांनी श्वास रोखून सांभाळल्या. संपल्यावर यानं तोंडातून सॅक्स काढला आणि शाळकरी पोरासारखा फोनकडे बघत राहिला.

"छान वाजवतोस रे," आई म्हणाली. "चाल तीच आहे. पण मधेमधे गप्प का होतोस?"

"अगं, तूच गप्प व्हायचीस. माझ्याकडे रेकॉर्डिंग आहे."

"मी कशाला गप्प होईन? तिथं समोरच्या टोकानं म्हणायचं असतं. लहानपणी ते टोक धरून तूच म्हणायचास ना. त्या दिवशी तुला हातात फोन घेऊन दारात उभा बघितलं, म्हटलं, आता म्हणशील. दर ओळीला थांबले बाई मी. तू आपला ओठावर बोट ठेवून मलाच, मधे बोलू नको, अशी खूण करत होतास."

घरची भाषा न कळणारी ड्रमवाली मागून उत्साहानं म्हणाली, "काय म्हणतायत? आवडलं ना?"

"हो, आवडलं," तो म्हणाला. एवढं धडधडीत खोटं तो आयुष्यात बोलला नव्हता.

"आई, मी काय म्हणायचो तिथं? शब्द सांग. चाल सांग."

"ते मला कुठलं यायला?" आई हसली. "दर वेळी नवंच काढायचास. एकदाचं दुसऱ्यांदा म्हणशील तर शपथ! सगळ्या बाया हसून बेजार व्हायच्या."

ऐकलंत? जे करण्यासाठी, म्हणजे ऐनवेळी सुचेल ते वाजवण्यासाठी, हा माणूस घर सोडून इतक्या लांब आला, ते तो चादरीचं टोक धरून आधीच करत होता. आणि नेमकी तीच जागा त्यानं मोजून-मापून बंद करून टाकली होती.

"मी म्हणते," आई म्हणाली, "तू वाजव."

तिनं ओळ म्हटली. आवाज चिरकलेला, पण लय पक्की. थांबली. यानं फुंकर घातली, बोटं कुठे जातील तिकडे जाऊ दिली. पण फोन तो फोन. याचे सूर तिथं पोचेपर्यंत सहा मात्रा उलटून गेल्या होत्या आणि आई पुढच्या ओळीत शिरली होती. दोघं एकमेकांवर आदळली. पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यानं घाईनं आधीच सुरू केलं, तर तिची ओळच अर्धी राहिली. बासवाल्यानं वाद्यावरचा हात काढून घेतला. ड्रमवालीनं काठ्या मांडीवर ठेवल्या.

"उशीर होतोय रे तुला," आई म्हणाली.

"फोनमुळे होतं ते, आई."

"असू दे, असू दे. घाई नको करूस. मी थांबते हं. तू ये सावकाश."

तिनं ओळ म्हटली आणि ती थांबली. सहा मात्रा झाल्या, बारा झाल्या, पुढं कुणी मोजल्या नाहीत. खिडकीजवळची म्हातारी मान किंचित पुढं करून ऐकत बसली होती, आणि इकडे सॅक्स तोंडाशी धरून तो रडत होता; फुंकायला त्याच्याकडे श्वास नव्हता.