भिंतीवरचं कलिंगड

मी कलिंगड बोलतोय. थांबा, सुरी आणू नका! मी खायचं कलिंगड नव्हे. मी कागदावर छापलेली कलिंगडाची एक भली मोठी फोड आहे. मागे गडद निळा रंग, खाली हिरवी साल, आणि गर इतका भडक गुलाबी की पहिल्यांदा बघणारा माणूस डोळे बारीक करतो. असं कलिंगड कुठल्याच वेलीला लागत नाही, म्हणूनच मी जरा तोऱ्यात असायचो. सध्या माझा मुक्काम एका खाटेखाली, चपट्या लाकडी पेटीत आहे. तिथे कसा येऊन पडलो, तेच सांगतो.

माझा जन्म एका चित्रकार बाईंकडे झाला. त्यांनी गाडी ठेवायच्या जागेतच छपाईचा पसारा मांडला होता. लाकडी चौकटीवर बारीक जाळीचं कापड ताणायचं, त्यावर शाई ओतायची आणि रबरी पट्टीने एका दमात खेचायची, की खाली कागदावर एक रंग उमटतो. तो वाळला की दुसरा. आधी निळा, मग हिरवा, मग गुलाबी आणि शेवटी काळ्या बिया. एकाच जाळीतून निघालेली आम्ही पुष्कळ भावंडं, एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं अशी. फक्त माझ्या वेळी जाळी किंचित सरकली आणि एक बी गर सोडून सालीवर जाऊन बसली. बाईंनी मला फाडायला उचललं, मग खुदकन हसल्या आणि बाजूला ठेवून दिलं.

त्या एका बीपायीच डॉक्टरांनी मला निवडलं. हे डॉक्टर दातांचे. त्यांना असल्या भडक चित्रांचा भारी नाद. ओठांची लाली, पत्र्याचा डबा, उंच टाचेचा बूट, टेलिफोन, अशा रोजच्या वस्तूंची छापील चित्रं ते शोधून शोधून आणायचे. "दिवसभर लोकांच्या किडक्या दाढांत डोकवायचं. घरी आल्यावर डोळ्यांना काहीतरी गोड नको का?" असं म्हणायचे. माणूस वाईट नव्हता. मला तर त्यांनी तान्ह्या बाळासारखं दोन्ही हातांवर घेतलं.

बाई त्यांना म्हणाल्या, "हा गुलाबी फार नाजूक आहे हं. उन्हात ठेवू नका, रंग उडेल."

झालं! तेवढ्या एका वाक्याने माझा निकाल लागला.

डॉक्टरांचं घर बघण्यासारखं होतं. भिंती पांढऱ्याशुभ्र, आणि प्रत्येक चित्राच्या रंगाची एकेक वस्तू त्याच्या आसपास. बुटाच्या चित्राखाली लाल खुर्ची, टेलिफोनशेजारी पिवळा दिवा. माझ्यासाठी तर खालची अख्खी खोली सजवली होती. हिरवा गालिचा, गुलाबी उशा. समोर मोठी खिडकी होती, पण तिला दुहेरी जाड पडदा. पाहुणे आले की डॉक्टर दिवा लावायचे, पाहुणे "वा, वा" करायचे, आणि दिवा मालवला की मी पुन्हा अंधारात. पुढे काच, मागे भिंत. बाहेर मुलं खेळताना ऐकू यायची. ती दिसतात कशी, याचा मी नुसता अंदाज बांधायचो. जीव नुसता घुसमटायचा.

मग एक दिवस डॉक्टरांच्या आई आल्या. आल्या कसल्या, उचलून आणल्या. घसरून पडल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलं होतं. जिना चढणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांची खाट माझ्याच खोलीत, माझ्यासमोर लागली. या बाईंनी उभी हयात बसमध्ये कंडक्टरकी केलेली. बोलणं खणखणीत, कुणाची भीडभाड नाही. पहिल्याच दिवशी मला नखशिखांत न्याहाळून म्हणाल्या, "काय रे कलिंगड्या, तिकीट काढलंस का?"

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्याशी बोललं. मी जागच्या जागी विरघळलो.

मग त्यांनी मुलाला हाक मारली. "बाळ्या, तो पडदा सरकव बघू. रस्ता दिसू दे जरा."

"आई, पडदा नको. रंग उडेल."

"कुणाचा?"

"या चित्राचा गं."

"मग ते हलव दुसरीकडे."

"कुठे हलवू? वर सगळ्या भिंती भरल्यात. आणि जिन्यात ओल आहे. तुला काय कमी आहे इथे? दिवा आहे, पंखा आहे, हाक मारायला घंटा दिलीये."

"अरे, जन्मभर खिडकीशी उभी राहिलेली बाई मी! मला कोंबडीसारखं झाकून ठेवतोस?"

डॉक्टर हसले, आईच्या अंगावरची चादर सारखी केली आणि दवाखान्यात गेले. त्यांना वाटलं, आई गंमत करतेय.

सुरुवातीला आई खूप बोलायच्या. "पुढे सरका, पुढे सरका, पुढे जागा रिकामी आहे," असं मलाच दटावायच्या आणि एकट्याच हसायच्या. हळूहळू त्यांचं बोलणं आटलं. सकाळ आहे का संध्याकाळ, हे सूनबाईंना विचारावं लागायचं. ताट तसंच परत जायचं. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी म्हणायची, "आजी, उभं राहायचंय ना?" तर त्या म्हणायच्या, "उभी राहून बघू काय? ही भिंत?" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. त्यांच्या आणि रस्त्याच्या मध्ये मीच होतो ना!

एका संध्याकाळी डॉक्टर दवाखान्यातून आले, तेव्हा सूनबाई दारातच उभ्या होत्या. दिवा लावलेला होता. त्या एवढंच म्हणाल्या, "अहो, रंग उडालाय."

डॉक्टरांच्या हातातली पिशवी खाली पडली. धावत माझ्यापाशी आले. खिशातून दात बघायचं भिंग काढलं आणि काचेला नाक लावून माझा इंच न् इंच तपासायला लागले. "कुठे? कुठे उडालाय? पडदा कुणी उघडला? गर तर ठीक दिसतोय... सालीकडे का? अगं, सांग ना, कुठे?"

"तिथे नाही," सूनबाई म्हणाल्या. त्यांनी डॉक्टरांचा खांदा धरला. "मागे वळा. खाटेवर बघा."

डॉक्टर वळले. आईंचा चेहरा उशीवर पडला होता, भिंतीइतकाच पांढरा. पापण्या लवत होत्या, पण डोळे कशाकडेच बघत नव्हते. डॉक्टर भिंग हातात धरून तसेच उभे राहिले. मग खाली बसले आणि आईचा हात धरून लहान मुलासारखे रडले.

त्याच संध्याकाळी त्यांनी मला खिळ्यावरून उतरवलं. मला वाटलं, सुटलो! पण त्यांनी मला चौकटीतून काढलं, पातळ कागदात गुंडाळलं, चपट्या पेटीत निजवलं आणि पेटी आईंच्या खाटेखाली सरकवली. मग पडद्याच्या कड्या खळकन वाजल्या. "ऊन तुला हवं, याला नको," डॉक्टर म्हणाले. मला कुणी विचारलं नाही.

पण आईंनी मला वाऱ्यावर सोडलं नाही. रोज खाटेच्या दांडीवर टकटक करून सांगायच्या, "ऐक रे कलिंगड्या, समोरची पोरगी सायकल शिकतेय. पडली! नाही, उठली. आता तो टपालवाला छत्री विसरून चाललाय." मी अंधारात पडून अख्खा रस्ता बघायचो. त्या जेवायला लागल्या, भांडायला लागल्या. एके दिवशी खिडकीचा गज धरून उभ्या राहिल्या आणि ओरडल्या, "सूनबाई, ये गं, मी उभी आहे!" मी पेटीत नाचायचाच बाकी होतो. माझ्याकडे वाकता येत नव्हतं, तरी म्हणाल्या, "जाताना तुला घेऊन जाणार. माझ्या घरी ऊनच ऊन आहे."

त्या दिवसापासून मी वाट बघायला लागलो.

जायचं ठरलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आई, काय देऊ तुला? माग काहीही."

"ते खाटेखालचं कलिंगड दे."

डॉक्टरांची पावलं खिडकीपर्यंत गेली आणि परत आली. मग डॉक्टर म्हणाले, "देतो. नवी काच बसवून देतो."

मी काचेची वाट बघत राहिलो. पेटी काही कुणी ओढली नाही. निघायच्या दिवशी डॉक्टर खोलीत आले आणि म्हणाले, "हे घे आई, तुझं कलिंगड."

माझं डोकंच फिरलं. अहो, मी तर इथे आहे! मग तिथे कोण?

माझी नक्कल होती ती. मी भिंतीवर असताना डॉक्टरांनी काढलेल्या फोटोवरून साध्या कागदावर छापलेली. आईंनी ती हातात घेतली असावी, कारण म्हणाल्या, "गुलाबी जरा मवाळ वाटतो रे."

"नवी काच आहे ना, म्हणून."

"हो का? छान आहे हं, बाळ्या." आणि वर खाटेवर चौकट ठेवल्याचा आवाज आला.

डॉक्टर सामान ठेवायला बाहेर गेले. खोलीत काठीचा आवाज आला, आणि खाटेच्या कडेला आई बसल्या. अगदी हळू म्हणाल्या, "कलिंगड्या, त्याच्यावर रागावू नकोस. त्याला हातातलं सोडताच येत नाही. लहानपणापासून." मग त्या उठल्या आणि स्वतःच्या पायांनी चालत गेल्या. मी रडलो नाही. रडलो असतो तर शाई फुटली असती.

आता गंमत बघा. डॉक्टर मला भिंतीवर लावूच शकत नाहीत. आई कधी अचानक भेटायला आल्या तर चोरी उघडी पडेल ना! म्हणून मी पेटीत आहे आणि भिंतीवर नुसता खिळा आहे. दर थोड्या दिवसांनी डॉक्टर दार लावून घेतात, पेटी ओढतात, मिणमिणत्या उजेडात भिंगातून मला बघतात आणि समाधानाने झाकण लावतात. आईंच्या घरी माझी ती नक्कल ऊन खात असेल, फिकी पडत असेल, त्यांच्या शिव्या ऐकत असेल. मला तिचा फार हेवा वाटतो.

डॉक्टर, पुढच्या वेळी झाकण उघडाल तेव्हा भिंग राहू द्या, पडदा उघडा. मला तपासायची काही गरज नाही. माझा रंग जसाच्या तसा आहे, कणभरही उडालेला नाही. माझं गाऱ्हाणं तेच तर आहे.