सेमिनरीच्या शिंप्याची वही

"बाबा, तुमच्या वहीत सहाशे अकरा नावं आहेत आणि माझ्या यादीत दोनशे चार. यातलं खरं काय मानू मी?" फादर नोवातुस वैतागून म्हणाले.

"दोन्ही खरं," प्रोयेस्तुस सुईत दोरा ओवत म्हणाला. "तुमच्या यादीत धर्मगुरू झालेले, माझ्या वहीत झगा शिवून घेतलेले."

व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या, धर्मगुरू घडवणाऱ्या त्या सेमिनरीला पन्नास वर्षं होत होती. फादर नोवातुस तिथे तत्त्वज्ञान शिकवत आणि सध्या संस्थेचा इतिहास लिहीत होते. प्रोयेस्तुस पहिल्या दिवसापासूनचा शिंपी. येणाऱ्या प्रत्येकाचं माप त्याने वहीत टिपलं होतं.

"तुमचंही आहे. छाती बत्तीस," तो म्हणाला. "आता जेवणाच्या घंटेला सगळ्यांच्या पुढे असता, म्हणून परत माप घेत नाही."

फादर हसले आणि पानं उलटता उलटता थांबले. एका नावावर शाई फासलेली होती.

"हा कोण?"

म्हाताऱ्याने सुई बाजूला ठेवली. "माझा रेस्पिसियुस. तेरा वर्षं झाली. तिसऱ्या वर्षी सोडून गेला."

सोडून जाणाऱ्याला निरोप द्यायची पद्धत नव्हती. बाकीचे प्रार्थनेला गेले की त्याने झगा शिंप्याच्या खोलीत ठेवायचा आणि मागच्या दाराने चालू लागायचं. रेस्पिसियुसनेही तेच केलं. फक्त त्या खोलीत त्याचा बाप बसला होता.

"समोर गुडघे टेकले त्याने. म्हणाला, 'बाबा, धर्मगुरू हो म्हणणारी ती हाक देवाची नव्हती, तुमची होती.' मी तोंड फिरवलं." प्रोयेस्तुसचा आवाज चिरकला. "गावात मान खाली गेली होती ना माझी! पोरापेक्षा तीच मोठी वाटली मला."

"आणि त्याचा झगा?"

"सोडून गेलेल्यांचे झगे उसवून गरिबाघरच्या नव्या पोरांना बेतायचे. कुणाचा कुणाला गेला ते सांगायचं नाही." त्याने फादरांच्या खांद्यांकडे पाहिलं. "तुमच्या घरून कापड आलं नव्हतं, फादर. खांद्यात बराच आत घ्यावा लागला. रेस्पी रुंद होता."

त्या झग्यात फादर नोवातुसांनी दोन वर्षं काढली होती, आणि तो कुणाचा हे विचारावंसंही त्यांना कधी वाटलं नव्हतं. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"सहाशे अकराही नावं पुस्तकात जातील," ते म्हणाले. "बिशपांनी विचारलं तर मी बघून घेईन. पण हे खोडलेलं नाव छापायचं तर रेस्पिसियुसला विचारायला हवं."

"तुम्ही विचारा."

"मी त्याचा बाप आहे का?"

म्हातारा चरफडला. रेस्पी म्वान्झा शहरात माशांचा ट्रक चालवतो, एवढंच त्याला ऐकून माहीत होतं. मरण्याआधी त्याच्या बायकोने मुलाचा नंबर शिवणयंत्राच्या झाकणाला आतून चिकटवला होता. प्रोयेस्तुसने तो कधी लावला नव्हता आणि काढूनही टाकला नव्हता. फादरांनी नंबर लावून फोन त्याच्या हातात दिला.

"हॅलो, कोण?" आवाज पुष्कळ जाड झाला होता.

"मी... सेमिनरीतला शिंपी बोलतोय."

झगा, पुस्तक, नाव, सगळं प्रोयेस्तुसच्या डोक्यातून उडालं. तिकडे मागे एक तान्हं पोर जीव खाऊन रडत होतं.

"कुणाचं रे पोर रडतंय?" त्याने विचारलं.

"तुमची नात आहे, बाबा."

"मग उचल की तिला!" प्रोयेस्तुस खेकसला. त्याचे डोळे वाहत होते. "फोन काय धरून बसलास!"

त्याने स्वतः मात्र फोन कानापासून हलवला नाही.