दोन विहिणी आणि पिवळे ठिपके

मुलांच्या लग्नाला तीन वर्षं झाली, तरी दोन्ही विहिणींचं बोलणं 'तब्येत बरी ना?' आणि 'आमच्याकडेही बरी' याच्या पुढे सरकलं नव्हतं.

मुलाची आई कपडे दुरुस्तीचं दुकान चालवायची. अख्खी गल्ली त्यांना ताई म्हणे. मुलीची आई मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झालेली. शाळेत त्यांना मोठ्या बाई म्हणत आणि निवृत्तीनंतरही ते नाव त्यांना सोडून गेलं नव्हतं. ताईंना त्यांचा इतका धाक, की त्यांचा फोन आला की ताई मशीनवरून उठून उभ्या राहून बोलत.

हे मुलाच्या आणि सुनेच्या लक्षात आलं होतं. त्यांनी दोघींसाठी एका दिवसाची सहल ठरवली. दगडांच्या दऱ्यांमधून आपलं आपण चालत जायचं. वाटाड्या नाही, फक्त एक माहितीपत्रक. सकाळी बस एका टोकाला सोडणार, चार वाजता दुसऱ्या टोकाहून उचलणार. पिवळ्या ठिपक्यांच्या मागे चालत राहायचं, की झालं.

बस धुरळा उडवत निघून गेली आणि दोघी समोर बघत उभ्या राहिल्या. वाऱ्यापावसाने कोरलेले सुळके दूरवर पसरले होते. काहींच्या डोक्यावर चपटा दगड टोपीसारखा बसलेला. दरीच्या भिंतींवर गुलाबी, पांढरे, गेरूच्या रंगाचे पट्टे. ताईंना वाटलं, कुणीतरी तागेच्या तागे उलगडले, चुण्या घातल्या आणि इस्त्री करायची राहून गेली.

"चला," मोठ्या बाई म्हणाल्या. माहितीपत्रक त्यांच्याच हातात होतं. ते त्यांनी हात लांब करून धरलं, मग आणखी लांब केलं, आणि घडी घालून खिशात टाकलं. "सोपं आहे."

पहिला तास फार मजेत गेला. ठिपके ठळक होते आणि वाट सुकलेल्या ओढ्यातून जात होती. मग दोन फाटे आले.

"तुम्ही ठरवा," ताई म्हणाल्या.

"छे छे, तुम्हीच सांगा."

"असं कसं? तुम्ही मोठ्या."

"मोठी म्हणजे वयाने नव्हे हं," मोठ्या बाई जरा तुटकपणे म्हणाल्या आणि डावीकडे वळल्या. तिकडे एका दगडावर पिवळा ठिपका दिसत होता. पुढच्या दगडावर तर तीन होते. "बघा, किती व्यवस्थित खुणा केल्यात!"

ठिपके वाढतच गेले. वर, खाली, सुळक्याच्या पाठीवर, कुठेही. दोघी इमानाने त्यांच्या मागे चढल्या, उतरल्या, वळल्या. एके ठिकाणी ताईंना एक सुळका दिसला. कॉलरची एक बाजू दुमडलेली आणि एक उभी राहिलेली असावी, अगदी तसा. पाऊण तासाने तो पुन्हा दिसला. तिसऱ्यांदा दिसला तेव्हा ताईंची खात्री पटली. पण विहिणीला सांगायचं कोणत्या तोंडाने?

"हवा छान आहे," ताई म्हणाल्या.

"छानच आहे."

शेवटी न राहवून ताईंनी एक ठिपका नखाने खरवडला. पिवळी खपली नखात आली. "रंग उडतोय हो याचा."

"हलका रंग वापरला असेल. शाळेच्या भिंतींचंही आमच्याकडे असंच व्हायचं." एवढं बोलून मोठ्या बाई पुढच्या ठिपक्याकडे निघाल्या. तो दोन कड्यांच्या मधल्या अरुंद फटीत होता.

ताईंनी फटीकडे पाहिलं, मग विहिणीच्या कमरेकडे. तीस वर्षं ज्यांनी टेपशिवाय मापं सांगितली, त्यांचा अंदाज चुकणार नव्हता. पण विहिणीला कमरेचं माप ऐकवणं फोडणीत पाणी ओतण्यासारखं.

मोठ्या बाई आत शिरल्या, चार पावलं गेल्या आणि थांबल्या.

"काय झालं?"

"काही नाही. जरा... दृश्य बघतेय."

"तिथे कसलं दृश्य?"

आत कापड दगडावर खरखरलं. मग आतून वेगळाच, बारीक आवाज आला, "अगं, अडकलेय मी! बघत काय राहिलीस, ओढ ना!"

तीन वर्षांत पहिल्यांदा 'अगं' आलं होतं. ताईंनी पाठीवरची पिशवी फेकली आणि विहिणीच्या दंडाला धरून जोर लावला. काही हललं नाही. मोठ्या बाईंचं नवं, कापूस भरलेलं जाकीट दोन्ही भिंतींवर गच्च बसलं होतं.

"श्वास सोडा."

"सोडलाय!"

"मग बोलू नका, बोलायला श्वास लागतो."

ताईंनी पिशवीतली छोटी कात्री काढली, फटीत हात घातला आणि जाकिटाची बाजूची शिवण बोटांनी चाचपडत उसवायला घेतली.

"काय कापतेयस?"

"शिवण. कापडाला हात लावत नाहीये. फट छत्तीसच्या कमरेची आहे आणि तुम्ही बेचाळीस. मी मघाशीच सांगणार होते."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विहीण म्हणून!"

"आणि ही वाट?"

"तीही चुकलीय. तो कॉलरसारखा सुळका आपण तीनदा बघितलाय. आणि हे ठिपके रंगाचे नाहीतच, दगडावर उगवलंय ते काहीतरी!"

"मला ते पत्रक वाचताच आलं नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "चष्मा घरी राहिलाय. तू मागून शांतपणे येत होतीस, म्हणून मला वाटलं तुला माहीत असणार."

"मी तुमच्या धाकाने येत होते!"

एकदा बांध फुटला म्हणजे थांबतो थोडाच? मोठ्या बाईंनी दगडांच्या मधूनच सुनावलं, की तुझा मुलगा ओला टॉवेल पलंगावर टाकतो, तीन वर्षं माझी मुलगी तो उचलतेय. ताईंनी उलट सुनावलं, की तुमच्या मुलीला साधं बटण लावता येत नाही, परवा शर्टाला सेफ्टी पिन लावून पाठवलं त्याला. आवाज चढले. दरीनेही ते सगळं मन लावून ऐकलं आणि परत पाठवलं. टॉवेल, टॉवेल. बटण, बटण.

"अहो," वरून आवाज आला, "दोन्ही गोष्टी खऱ्या असतील. पण तुम्ही दोघी तिथे काय करताय?"

कड्यावर काठी टेकून एक उंच म्हातारा उभा होता. त्याने सगळा वाद ऐकला असावा, कारण तो खाली यायला लागला तो मान हलवतच. पोहोचल्यावर तो म्हणाला, "टॉवेलच्या बाबतीत माझं मत आतल्या बाईंच्या बाजूने आहे."

"तुम्हाला कुणी विचारलं?" दोघी एकदम म्हणाल्या.

शिवण सुटली, जाकीट ढिलं झालं आणि मोठ्या बाई एका झटक्यात बाहेर आल्या, त्या थेट ताईंच्या अंगावर. दोघी धुळीत बसल्या. आधी मोठ्या बाईंना हसू फुटलं, मग ताईंना. म्हातारा बिचारा काठी धरून ताटकळत राहिला.

खरी वाट त्याच भिंतीच्या पलीकडे होती; म्हाताऱ्याने ती काठीने दाखवली. बशीएवढा, सुरेख गोल, खऱ्या रंगाचा ठिपका दिसल्यावर मोठ्या बाईंनी त्याला हात लावून खात्री केली. पुढचा रस्ता ताईंनी पत्रक मोठ्याने वाचत काढला. 'उजवीकडे पांढऱ्या थरांचा कडा दिसेल' असं वाचलं, की दोघी थांबून कडा खरंच बघत. सकाळी इतक्या सुळक्यांजवळून गेलो आणि धड बघितला एकही नाही, हे त्यांना तेव्हा कळलं.

बसथांब्यावर पोहोचल्या तेव्हा चार वाजायला दहा मिनिटं होती. मोठ्या बाईंच्या बाजूने कापूस ढगासारखा बाहेर आला होता. ताईंनी सुईत दोरा ओवला.

"हलू नका, अंगावरच शिवते."

"हलू नका काय? हलू नकोस म्हण."

"जीभ वळत नाही हो."

"वळेल. सवय कर."

इतक्यात मोठ्या बाईंचा फोन वाजला. मुलगी विचारत होती, कसं चाललंय, काही अडचण तर नाही ना.

"अडचण कसली?" मोठ्या बाई फोनमध्ये म्हणाल्या. "मस्त चाललंय. ठेव आता, आम्ही कामात आहोत."

वळणावर बस दिसली. ड्रायव्हरने दार उघडलं आणि हॉर्न वाजवला. ताईंनी तोंडातल्या दोऱ्यासकट मान वर करून दोन बोटं दाखवली. अजून दोन टाके राहिले होते.