चमचाभर निथळ

शिवकन्यानं बाटली सिंकवर उपडी धरली. नळीतून निथळून आलेला पाच लिटर द्रव गटगट करत गेला. निकाल लागेपर्यंत निथळीचा थेंबही टाकायचा नाही, हा लॅबचा नियम तिनंच लुंबिनीला पहिल्या दिवशी शिकवला होता.

चाकूरच्या शिवकन्यानं नांदेडच्या या लॅबमध्ये तीन वर्षं पेशी वाढवल्या होत्या. दिवाळीलाही घरी न जाता त्यांना खाऊपिऊ घातलं होतं. पेशी द्रवात एक प्रथिन सोडायच्या. सहा महिन्यांपूर्वी लोह्याची लुंबिनी आली आणि तो द्रव बारीक मणी भरलेल्या नळीतून गाळू लागली. प्रथिन मण्यांना चिकटायचं, बाकीचं निथळून जायचं. एवढ्यावर लॅबच्या प्रमुख मॅडम तिला हैदराबादच्या परिषदेला पाठवणार होत्या! आयत्या पिठावर रेघोट्या, दुसरं काय. शिवकन्याच्या पोटात दुखायचं, आणि ते ती स्वतःपासून लपवतही नव्हती.

सकाळी तिनं, गाळण्याआधी लुंबिनी द्रवात मिसळायची त्या द्रावणात आंबटपणा मोजायचं मीटर बुडवलं होतं. आकडा आठ हवा होता, पाच दिसला. इतक्या आंबट द्रावणात प्रथिन मण्यांना चिकटत नाही, सगळं निथळीत जातं. लुंबिनीला सावध करायला एका शब्दाचं काम होतं. शिवकन्या मीटर पुसून चहाला गेली.

दुपारी निकाल कोरा आला; मण्यांवर प्रथिन नव्हतंच.

"निथळ तपासा," मॅडम म्हणाल्या.

"ती मी ओतली. बाटल्या धुवायच्या होत्या."

मॅडमनी चष्मा काढला. "मग पेशींनीच प्रथिन बनवायचं सोडलं असं धरू. टाकून दे त्या. नव्या मागवू."

शिवकन्याची तीन वर्षं. बोलावं तर सकाळचं सांगावं लागणार होतं.

"थांबा मॅडम." लुंबिनीनं फ्रिजमधून बोटाएवढी कुपी आणली. "निथळ आली की चमचाभर काढून ठेवते मी. आई विरजण ठेवती तसं."

तासाभरानं तपासणीत त्या चमचाभर निथळीतल्या प्रथिनाचा जाड, काळा पट्टा उमटला.

"पेशी चांगल्या हायत. द्रावण माझंच बिघडलं," लुंबिनी म्हणाली. "अन् बाटल्या धुवा म्हणून ताईला मीच म्हणलं होतं."

"मग हैदराबादला शिवकन्या जाईल," एवढं बोलून मॅडम केबिनमध्ये गेल्या.

लॅबमध्ये दोघीच उरल्या.

"खोटं का बोललीस?"

लुंबिनीनं मीटर तिच्यासमोर सरकवलं. "ह्यात शेवटचा आकडा राहतो, ताई. वेळेसकट. मघाशी कुपी तपासताना बघितला."

पडद्यावर पाच होतं. सकाळचे नऊ वीस, लॅबमध्ये शिवकन्या एकटीच होती ती वेळ.

"लई राग आला," लुंबिनी म्हणाली. "पण तुमाला काढलं तर त्या पेशी कोण सांभाळील? मला न्हाई जमत." तिचं बोट बटणावर गेलं. "पुसून टाकू का?"

शिवकन्याला या पोरीचा इतका हेवा आजवर कधी वाटला नव्हता.

"राहू दे," ती म्हणाली, आणि मीटर उचलून मॅडमच्या केबिनकडे निघाली.